अठरा रविवार आणि एक लेखणी : धुळे तुरुंग, १९३२

१/
स्वतःला पटलेली जीवनमूल्ये दुसऱ्यापर्यंत कशी पोचवावीत? उपदेश केला तर ऐकणाऱ्याचे मन मिटते आणि मौन पाळले तर विचार आपल्यापाशीच राहतो. खानदेशात १९३२ साली या प्रश्नाला दोन माणसांनी दोन उत्तरे दिली. एकाने बोलून, दुसऱ्याने लिहून. दोघेही तेव्हा एकाच तुरुंगात होते.

२/
पार्श्वभूमी अशी. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाली आणि कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली. तुरुंग सत्याग्रहींनी भरू लागले. पश्चिम खानदेशातील धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सहा महिन्यांची शिक्षा भोगत होते. जमनालाल बजाज, अण्णासाहेब दास्ताने हेही तेथे होते. आणि होते पूर्व खानदेशातील अमळनेरचे एक शिक्षक, पांडुरंग सदाशिव साने.

३/
बंद्यांनी विनोबांना गीतेवर बोलण्याची विनंती केली. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी पहिले प्रवचन झाले, १९ जूनच्या रविवारी शेवटचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. एका आठवड्याला एकच अध्याय, आणि मधले सहा दिवस ऐकलेले मुरवण्यासाठी मोकळे. तुरुंगात वेळेची टंचाई नव्हती, तरीही विनोबांनी विचार मापाने वाढला.

४/
श्रोते एकसारखे नव्हते. कोणी विद्वान, कोणी व्यापारी, कोणी खेड्यातला साधा कार्यकर्ता. विनोबा संस्कृतचे गाढे अभ्यासक होते, पण शास्त्रार्थाची परिभाषा त्यांनी बाजूला ठेवली आणि रोजच्या जगण्यातले दाखले घेतले. चौथ्या अध्यायावर बोलताना त्यांनी मुलाच्या पाठीवरून फिरणाऱ्या आईच्या हाताचे उदाहरण दिले. क्रिया अगदी क्षुल्लक, पण तीत मन ओतलेले असते, म्हणून तिचे मोल पालटते. कर्म आणि त्यामागची भावना यांचा संबंध यापेक्षा सोप्या रीतीने सांगणे कठीण.

५/
ही दृष्टी त्यांना घरातच लाभली होती. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळत नसे. मराठीत सोपी गीता तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले होते. आई १९१८ साली गेली. तिची इच्छा मुलाने १९३०–३१ मध्ये समश्लोकी मराठी ‘गीताई’ रचून पुरी केली. म्हणजे धुळ्याला बोलायला बसण्यापूर्वीच विनोबांना एक गोष्ट उमगली होती : विचार पोचवायचा असेल तर ऐकणाऱ्याच्या भाषेपर्यंत आपणच चालत गेले पाहिजे.

६/
पण बोललेला शब्द हवेत विरतो. विनोबा काही ही प्रवचने लिहून काढत नव्हते. समोर बसलेले साने गुरुजी मात्र भराभर लिहीत होते. त्यांच्या हस्तलेखनामुळेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हाती आहे. पुढे त्याचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले आणि १९५१ मध्ये भूदानयात्रा सुरू झाल्यावर विनोबांच्या पावलांबरोबर ते गावोगाव गेले. लिहून घेणारा नसता, तर ते अठरा रविवार धुळ्याच्या भिंतींआडच राहिले असते.

७/
हा लेखनिक कोण होता? साने गुरुजी तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. प्रतापशेठ यांच्या आश्रयाने अमळनेरला उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अध्ययनासाठी आले होते. पण त्यांचे मन मुलांत रमले. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, वसतिगृहातील मुलांबरोबर राहू लागले. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवीत. मूल्यांची चर्चा करणाऱ्या मंदिरातून ते मूल्ये रोज कसाला लागतात त्या वसतिगृहात आले. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली.

८/
खरी मौज पुढे आहे. अठरा रविवार विनोबांचे शब्द टिपणारा हा माणूस विनोबांचा प्रतिध्वनी झाला नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातील बहुतेक प्रकरणे अवघ्या पाच दिवसांत उतरली. तेथे अध्याय नाहीत, भाष्य नाही. रात्रीच्या प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, इतकीच मांडणी.

९/
त्यातली एक आठवण मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो आणि आई जमिनीवर आपला पदर पसरते. मग ती सांगते, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसे मनालाही जप. आधी पदर, मग बोध. हा क्रम उलटा केला असता, तर ते एक नीरस सुभाषित झाले असते.

१०/
दोन्ही रीतींना मर्यादाही होत्या. प्रवचन ऐकून माणूस केवळ मान डोलावू शकतो, गोष्ट ऐकून केवळ डोळे पुसू शकतो. गुरुजींना हे ठाऊक होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवले आणि मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण आरंभले. मंदिराची दारे उघडली. शब्दांनी जे साधत नव्हते, त्यासाठी त्यांनी देह पणाला लावला. तोही मूल्य सांगण्याचाच प्रकार होता, पण त्याची किंमत सांगणाऱ्याने स्वतः मोजली.

११/
धुळ्याचा धडा म्हणून एवढा सांगता येतो : विचार मापाने द्यावा, ऐकणाऱ्याच्या बोलीत द्यावा आणि तो त्याच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे. तो पुढे कोणते रूप घेईल, हे देणाऱ्याने ठरवू नये. विनोबांनी आईच्या हाताचा दाखला देऊन निष्काम कर्म उलगडले. तो दाखला टिपून घेणाऱ्याने वर्षभरात स्वतःच्या आईचे अख्खे पुस्तक लिहिले. दोघांत गुरू कोण आणि शिष्य कोण, हे खानदेशाने कधी विचारले नाही. त्याने दोन्ही पुस्तके घरात ठेवली.