बंदे अली खां यांची बीन

किराणा घराण्याचें नांव निघालें कीं रसिकांस अब्दुल करीम खां आठवतात. बीनकार बंदे अली खां क्वचितच आठवतात. इंदूरच्या होळकर दरबारीं गाजलेला हा किराण्याचा कलावंत पुण्यांत निवर्तला. दोन भोपळ्यांच्या रुद्रवीणेवर एकेक स्वर संथपणें उलगडीत ते आलाप मांडीत. ही विद्या मोजक्या श्रोत्यांच्या बैठकींतली. ती कागदावर उतरली नाहीं. ग्रामोफोनच्या तबकड्या हिंदुस्थानांत प्रथम मुद्रित झाल्या त्या १९०२ सालीं. तो नाद कायमचा हुकला. शिष्य मुराद खां यांनीं बीन पुढें चालविली. तथापि किराण्याच्या विलंबित आलापींत, मींडेच्या सलग ओघांत, जाणकारांस त्याच बीनेची छाया दिसते. तारांनीं जें सांगितलें, तें कंठानें जपिलें. वादकाचें नांव तेवढें जपावयाचें राहिलें.