एल्फ : दैवते व संस्कृती

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी कल्पिलेल्या ‘मिडल-अर्थ’मधील दीर्घायुषी वंश. त्यांच्या दैवतकथांचा मुख्य आधार म्हणजे टॉल्किन यांचे पुत्र क्रिस्तोफर यांनी संपादून १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ.

एल्फांचा परमेश्वर एकच, इलूवातार. जगाचा कारभार पाहणाऱ्या चौदा थोर शक्तींना वालार म्हणतात. मॅन्वे वाऱ्यांचा स्वामी, उल्मो जलाचा. पण एल्फांची खरी भक्ती मॅन्वेची पत्नी वार्दा हिच्यावर. तारे तिने उजळले आणि एल्फांना पहिली जाग आली तीही ताऱ्यांच्याच उजेडात, कुइविएनेन सरोवराकाठी. संकटात ते तिला ‘एल्बेरेथ’ म्हणून हाक मारतात. तिची स्तोत्रे गातात. देवळे वा पुरोहित मात्र त्यांच्यात आढळत नाहीत. ज्यांचे अनेक पूर्वज वालिनोर या वालारांच्या भूमीत त्यांच्या शेजारी नांदले, त्यांना मूर्तीची गरज ती काय!

त्यांचा आठवडा सहा दिवसांचा : पहिला ताऱ्यांचा, मग सूर्य, चंद्र, दोन दिव्य वृक्ष व आकाश यांचा आणि शेवटचा, सर्वांत मानाचा, वालारांचा. गणना बाराच्या पटीत असल्याने त्यांचे ‘येन’ हे दीर्घवर्ष १४४ सौरवर्षांचे भरते. प्रवासासाठी पानांत गुंडाळून दिली जाणारी लेंबास ही भाकरी स्त्रियाच करतात आणि ती देण्याचा मान राणीचा. मारल्या गेलेल्या एल्फाचा आत्मा मृतांचा अधिपती मांडोस याच्या दालनांत जातो. तेथून त्याला पुन्हा देह मिळू शकतो. क्वेन्या व सिंदारिन या त्यांच्या प्रमुख भाषा. पहिलीवर फिनिशचा, दुसरीवर वेल्शचा ठसा स्पष्ट आहे.