टीबी-३०३
रोलँड या जपानी कंपनीचे छोटेखानी ॲनालॉग बास सिंथेसायझर. तादाओ किकुमोतो यांनी त्याची रचना केली. एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, या हेतूने ते १९८१ मध्ये बाजारात आले. आवाज खऱ्या बाससारखा नव्हता आणि त्यात स्वर भरण्याची पद्धत किचकट होती. त्यामुळे १९८४ मध्ये उत्पादन थांबले व उरलेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात विकली गेली.

या स्वस्ताईनेच त्याचे नशीब पालटले. आत आंदोलक एकच. तरंग करवती किंवा चौकोनी. जादू आहे ती फिल्टरमध्ये. वाजणाऱ्या आवर्तनावर त्याची बटणे फिरवली की स्वर किंचाळतो, ओला होतो, चिरकतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मींडेची आठवण करून देते. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या रचनेत अशीच बटणे फिरवली आणि ‘ॲसिड हाउस’ ही नृत्यसंगीताची शैली रुजली.

त्याआधीच मुंबईचे चित्रपटसंगीत-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेत हे यंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले होते. ती तेव्हा दुर्लक्षित राहिली, हा रसिकांचा मोठा तोटा होय.

मूळ यंत्राची किंमत आज संग्राहकांच्याच आवाक्यातली आहे. जुन्या नादाच्या ओढीतून रोलँडने २०१६ मध्ये ‘टीबी-०३’ ही डिजिटल आवृत्ती आणली, तर बेरिंगरच्या २०१९ च्या ‘टीडी-३’मध्ये मंडल पुन्हा ॲनालॉगच आहे.