हात धरणारा नसेल तेव्हा

अंध सहाबी म्हटले की हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) आठवतात. सूरह अबसचा त्यांच्याशी असलेला संबंध मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असतो. शिक्षक म्हणून मला मात्र हदीसमधला दुसरा प्रसंग अधिक विचार करायला लावतो. एक अंध गृहस्थ पैगंबरांकडे (स.) येतात. मशिदीपर्यंत आणणारे कोणी नाही, घरीच नमाज अदा करण्याची सवलत हवी, असे सांगतात. सवलत मिळते, पण ते निघाल्यावर त्यांना परत बोलावून विचारले जाते, अजान ऐकू येते का? ते हो म्हणतात, आणि त्यांना मशिदीत यायला सांगितले जाते. अबू दाऊदच्या रिवायतीत हे गृहस्थ इब्न उम्मे मक्तूमच आहेत. उलेमा या हदीसची चर्चा जमाअतच्या संदर्भात करतात. मला त्यात रस्त्याची अडचण दिसते. जो माणूस मदिनेचा मुअज्जिन होता, पैगंबर (स.) बाहेरगावी असताना ज्याच्याकडे मदिना सोपवली जाई, त्यालाही घर ते मशीद ही वाट एकट्याने कठीण होती.

पुढच्या शतकांत मुस्लिम समाजाने अंधांना इल्मपासून दूर ठेवले नाही. अरबीतले अबुल अला अल-मआर्री आणि बश्शार इब्न बुर्द हे थोर कवी अंध होते. कैरोच्या अल-अझहरमध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र जागा होती. तिथेच शिकलेले ताहा हुसेन (१८८९–१९७३) पुढे इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. 'अल-अय्याम' या आत्मकथनात त्यांनी खोलीपासून अझहरपर्यंतची वाट वर्णिली आहे: हुक्क्याची गुडगुड, गालाला लागणारी ऊब, गल्लीतले वास. वाट पाठ होती, तरी चालायचे ते भावाच्या सोबतीने. भाऊ मित्रांकडे गेला की हा मुलगा खोलीत एकटा बसून राही.

चालणे हा शिकवायचा विषय आहे, ही जाणीव फार उशिरा आली, आणि आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात दृष्टी गमावलेले तरुण सैनिक येत होते. तिथे रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास लांब काठीची पद्धत बसवली. ते आधी अंधशाळेत शिक्षक होते. (शिक्षकाचेच काम ते, असे मला उगाच वाटते!) त्याआधीची काठी आखूड, टेकून चालायची. हूव्हरांची काठी हलकी आणि छातीपर्यंत पोचेल इतकी लांब होती. ती पुढे धरून मनगटाने डावी-उजवीकडे फिरवायची. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे टेकते, म्हणजे डावे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. खड्डा असो की पायरी, काठीला पायाच्या एक पाऊल आधी कळते.

१९४८ मध्ये इलिनॉयच्या हाइन्स रुग्णालयात अंध माजी सैनिकांसाठी केंद्र सुरू झाले. त्याचे प्रमुख रसेल विल्यम्स स्वतः युद्धात अंध झालेले होते. १९६० पासून बोस्टन कॉलेजमध्ये या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. गंमत अशी की विल्यम्सांचे उदाहरण समोर असूनही विद्यापीठांनी सुरुवातीला अंध उमेदवारांना या अभ्यासक्रमात घेतले नाही.

आपल्याकडे देहरादूनला १९४३ मध्येच युद्धात अंध झालेल्यांसाठी वसतिगृह निघाले. दिशाज्ञान आणि चलनवलन हा विषय आज विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमात आहे. पण आपल्या अनेक घरांत अंध मुलाला हिफ्जला बसवले की कर्तव्य संपले असे मानतात. तो हाफिज होतो, तरावीह पढवतो, लोक त्याचा हात अदबीने धरतात. वुजूखान्यापर्यंत एकट्याने जायला त्याला कोणी शिकवत नाही. मुलीच्या बाबतीत तर तो विचारही होत नाही.

शिकवणे सुरू होते घरातूनच. हाताची पाठ भिंतीला लावून दारापर्यंत जाणे, मग जिना, मग गल्ली. रस्ता ओलांडण्याचा धडा सर्वात शेवटी येतो. पाश्चात्त्य पुस्तकांत तो असा आहे: आपल्याला समांतर जाणाऱ्या गाड्या सिग्नलला सुटल्याचा आवाज आला की निघायचे. भिवंडीत किंवा मालेगावात, जिथे सिग्नल आणि हॉर्न दोन्ही आपल्या मर्जीने चालतात, तिथे हा धडा शिक्षकाला नव्याने बसवावा लागेल. त्यासाठी आधी त्या चौकात स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून उभे राहावे लागेल, शेजारी विश्वासातला माणूस घेऊन.