ताश्कंद म्हणजे फक्त शास्त्रीजी नव्हेत

ताश्कंद म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. १० जानेवारी १९६६ ला करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख उजाडायच्या आत, शास्त्रीजी गेले. त्या दौऱ्यात संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतरावही सोबत होते. यावर आपल्याकडे साठ वर्षं चर्चा चालू आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण ज्या शहरात हे घडलं त्याचं पुढे काय झालं, हे आपण कधी विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

बरोबर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९६६ ला पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी, ताश्कंदला भूकंप झाला. रिश्टरवर जेमतेम पाचच्या आसपास. पण केंद्र थेट शहराच्या पोटात आणि फार वरच्या थरात. घरं बहुतेक कच्च्या विटांची, मातीची, बैठी. त्यामुळे माणसं फार दगावली नाहीत, पण तीन लाखांच्या आसपास लोक उघड्यावर आले.

गंमत बघा, ताश्कंदचा अर्थ 'दगडांचं शहर', आणि घरं मातीची!

हे शहर मुळात दोन तुकड्यांत होतं. १८६५ मध्ये रशियन जनरल चेर्न्यायेवने ते जिंकलं. मग अनखोर कालव्याच्या एका अंगाला जुनं उझबेक शहर, अरुंद गल्ल्या, आत अंगण असलेली घरं, आणि दुसऱ्या अंगाला रशियनांचं सरळ रुंद रस्त्यांचं नवं शहर. आपल्याकडे गाव आणि कॅम्प असायचं, तसंच. याच शहरात १९२० मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांनी हिंदी कम्युनिस्ट पक्षाची पहिली जुळणी केली. दुसऱ्या महायुद्धात रशियातून कारखाने आणि निर्वासित इथेच आले.

भूकंपानंतर मॉस्कोने अख्ख्या सोव्हिएत संघातून कामगार पाठवले. रशिया, युक्रेन आणि इतर प्रजासत्ताकांनी एकेक भाग बांधून दिला. काही वर्षांत रुंद रस्ते, कारंजी, चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. १९७७ मध्ये मेट्रो आली, मध्य आशियातली पहिली. लोकांना डोक्यावर छप्पर, नळाला पाणी मिळालं. हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. जुन्या गल्ल्या पाडून 'आदर्श समाजवादी शहर' उभारायचे बेत भूकंपाच्या कितीतरी आधीपासून कागदावर होते. भूकंपाने फक्त निमित्त दिलं. दुरुस्त होऊ शकली असती अशी घरंही गेली. घराबरोबर महल्ला गेला. महल्ला म्हणजे नुसता पत्ता नव्हे. लग्नाला, मयताला, अडीअडचणीला धावून येणारी शेजाऱ्यांची व्यवस्था. फ्लॅटला अंगण नसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१९९१ ला देश स्वतंत्र झाला. चौकातला लेनिन उतरला, त्या जागी उझबेकिस्तान कोरलेला पृथ्वीगोल बसला. आणि गेल्या काही वर्षांत काचेच्या टॉवरांसाठी पुन्हा जुने महल्ले पाडले गेले. या वेळी भूकंप नव्हता. रहिवाशांनी आवाज उठवला, काही ठिकाणी उशिरा उठवला.

मला या शहराच्या इतिहासातून एवढंच दिसतं. झार आला, कॉम्रेड आले, आता बिल्डर आले. प्रत्येकाने म्हटलं, तुमच्या भल्यासाठीच करतोय. आणि प्रत्येक वेळी काही भलं झालंही. पण नकाशा आखताना तिथे राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही.

ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, त्यांचा पुतळा आहे. त्या शहराने आपल्या माणसाची आठवण ठेवली. आपणही त्यांच्या शहराला फक्त एका रात्रीपुरतं आठवू नये, एवढंच म्हणणं.