संगणकाच्या खोलीची किल्ली

आमच्या शाळेत पहिले संगणक आले तेव्हा मी तिथं इतिहास शिकवत होतो. सातारा जिल्ह्यातलं बेताचं गाव, कौलारू इमारत. संगणकासाठी मात्र एका खोलीला नवा रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले, दारावर पाटी लागली : ‘चपला बाहेर काढाव्यात’. यंत्रांवर फुलाफुलांचं कापड आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. आठवड्यातून एकदा मुलं देवळात जावं तशी रांगेनं आत जायची. एकेका यंत्राभोवती सात-आठ जण उभे. शिक्षक दाखवायचे, हा पडदा, हा कळफलक, हा माऊस; हात लावू नका. मग पुन्हा रांगेनं बाहेर.

दहावीच्या एका मुलानं मला विचारलं होतं, “सर, याच्यावर आपल्या गावाचा पेपर काढता येईल का?” मी म्हणालो, “आधी परीक्षा होऊ दे.” परीक्षा झाली, मुलगा गेला, पेपर राहिला. इतिहासाच्या शिक्षकानं तरी असं उत्तर द्यायला नको होतं. कारण नवं यंत्र हाती आलं की त्यावर आपलं काहीतरी काढायचं, ही हौस कृष्णाकाठाला फार जुनी आहे.

मिरजेचंच घ्या. गीता छापून घ्यावी, असं नाना फडणिसांच्या मनात होतं. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकला होता. छापल्यावर सुलट दिसावीत म्हणून अक्षरं उलटी कोरायची, असं हे चिकाटीचं काम. मॅलेट १७९७ मध्ये गेला, १८०० मध्ये नाना वारले आणि पुण्याची घडी विस्कटली. ती विद्या मग मिरजेला आली. गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी कारागिराला आसरा दिला आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून निघाली. रेल्वे यायला अजून निम्मं शतक होतं आणि इकडे कोरीव पत्र्यावरून देवनागरी पानं निघत होती.

याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम केरीनं मराठीचं व्याकरण छापलं. त्याच्याकडे सुटे खिळे होते. पान छापून झालं की खिळे सोडवायचे आणि त्याच खिळ्यांतून दुसरं पान जुळवायचं. मिरजेचा पत्रा मात्र एकाच पानाचा धनी. त्यावर कोरलेल्या श्लोकातून दुसरा शब्द बनवता येत नव्हता. मिरजेची छपाई त्या एका गीतेपुढे फारशी का गेली नाही, याचं निदान एक कारण मला यात दिसतं. हा पत्रा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता किल्लीची गोष्ट. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचं नाव दाखल झालं : भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बसायला वेगळं गोणपाट. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. नळ शाळेत होता, पाणीही होतं; सोडणारा हात मात्र दुसऱ्याचा. या मुलानं पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं. आपलं म्हणणं दुसऱ्या कुणी छापण्याची वाट पाहत बसायचं नाही, हे त्यातून दिसतं.

१९२० हे साल या भागात दुसऱ्याही एका कारणानं लक्षात ठेवावं असं आहे. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर तयार होत. तिथं शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढायला सुरुवात केली. कारखान्याची खबरबात देणारं ते पत्रक वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडं आली. कारखान्याच्या वसाहतीतून निघालेली मासिकं मराठी घराघरांत वाचली जात होती. या कारखान्याचे नांगर गावोगाव खपवणाऱ्यांत एके काळी भाऊराव पाटील हे एक गृहस्थ होते. त्यांनीच १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि हातानं काम करणं हा शाळेचाच भाग मानला. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे हात लावूनच शिका. आमच्या संगणकाच्या खोलीत कर्मवीरांची तसबीर होती, हे सांगताना आज थोडं ओशाळायला होतं.

सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं. शाळेत रेडिओ येई तो बहुधा मुख्याध्यापकांच्याच खोलीत; कार्यक्रम लागला की मुलं खिडकीखाली बसत. ऐकणं पुष्कळ झालं. बोलायला मिळालं ते फार थोड्या मुलांना.

देशात शाळांमध्ये संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ चा. विलायतेहून आणलेली ‘बीबीसी मायक्रो’ यंत्रं सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांना मिळाली. खेड्यातल्या शाळांना तो वारा पुष्कळ उशिरा लागला. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प उभा राहिला. ऊस, वजन, बिल यांची माहिती गावातच मिळावी हा त्याचा मुख्य हेतू. पुढे याच भागात ते काम मोबाईलच्या लघुसंदेशानं करून पाहिलं गेलं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि ‘एमएस-सीआयटी’ हा शब्द तालुक्याच्या स्टँडसमोरच्या पाट्यांवर झळकू लागला. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागे, त्यामुळे मुलं शिकली. पण प्रमाणपत्रासाठी शिकणं वेगळं आणि पेपर काढण्यासाठी शिकणं वेगळं.

ज्यांनी पेपर काढायचं मनावर घेतलं, त्यांना दुसरीच अडचण आली. तेव्हा मराठी टंकलेखनाचे फाँट प्रत्येक कंपनीचे निराळे. एका संगणकावर लिहिलेला निबंध फ्लॉपीत घालून दुसरीकडे नेला आणि तिथं तोच फाँट नसला, की पडद्यावर कंस, आकडे आणि उद्गारचिन्हांची जत्रा. मजकूर त्या फाँटलाच चिकटलेला. मिरजेचा तांब्याचा पत्रा आठवतो ना? वास्तविक युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. पण शाळेतली यंत्रं, त्यातल्या प्रणाल्या आणि शिकवणाऱ्यांची सवय बदलायला बराच काळ गेला. आज नववीतली मुलगी मोबाईलवर मराठीत लिहिते आणि ते साताऱ्यात, सांगलीत, शिकागोत सारखंच दिसतं. सुटे खिळे आता कुठं सर्वांच्या हाती आले, असं म्हणायला हरकत नाही.

आवाजाचंही तसंच झालं. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये दिला. आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही छोटी रेडिओ केंद्रं काढायची मुभा मिळाली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात, म्हसवडला, २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ सुरू झालं. जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळवाणी’. जतकडे घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी कितीतरी मुलं आहेत. अशा मुलाच्या कानावर आपल्या गावच्या बोलीतला रेडिओ पडणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन कळणार नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या मोबाईलला शाळेत बंदी होती, तोच शाळा झाला. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी मालिका झाली, पण बहुतेक घरांत भिस्त राहिली बापाच्या फोनवर. बाप रानात गेला की शाळाही त्याच्या खिशातून रानात. ज्यांना फोन मिळाला ती मुलं पुढे त्यातच राहिली. शाळा उघडल्या, फोन काही हातातून सुटेना.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये यावर जो तोडगा काढला, त्याची बातमी परदेशातही गेली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा. मग दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. गावातल्या बायकांनी हे आधी उचलून धरलं, हे विशेष. मालिका त्यांनाच सोडायच्या होत्या. मला हा प्रयोग मनापासून आवडला. एका शंकेसकट. पूर्वी किल्ली कपाटात होती म्हणून यंत्राला हात लागत नव्हता, आता हात निघत नाही म्हणून भोंगा लागतो. या दोन्हींच्या मध्ये यंत्रावर काहीतरी करायला शिकवण्याचा तास असायला हवा होता. तो आमच्या वेळापत्रकात कधी आलाच नाही.

निवृत्तीनंतर एका शाळेनं मला जुन्या दुष्काळाबद्दल बोलायला बोलावलं. नववीच्या मुली मोबाईलवर ध्वनिमुद्रण करत होत्या. ‘आजी-आजोबांच्या आठवणी’ असा त्यांचा उपक्रम होता. मी ७२ चा दुष्काळ, मिलो, खडी फोडणं असं रंगात येऊन सांगत होतो. एवढ्यात एका मुलीनं हात वर केला. कानातली यंत्रं काढत म्हणाली, “आजोबा, मधेच मोटरसायकल गेली. खडीचं परत सांगा. आणि जरा सावकाश.”

मी परत सांगितलं. सावकाश.