पोटातल्या बाळाच्या यकृतातली गाठ : बदलती नावं आणि न मोजलेली बाळं

‘कॅन्सरची गाठ नाही’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण गाठ पोटातल्या बाळाच्या यकृतात असेल, तर साधी गाठही जिवावर बेतू शकते. अशा गाठींत सगळ्यात जास्त आढळते ती हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. या गुंत्यातून रक्त भराभर हृदयाकडे परत येतं, हृदयावर ताण पडतो आणि ते थकलं की बाळाच्या अंगात पाणी साठतं.

१९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सोनोग्राफीवरचा पहिला मोठा निबंध छापला. गंमत बघा, त्याचा विषयच पोटातल्या गाठी हा होता! त्याआधी बाळाच्या यकृतातली गाठ कळायची ती जन्मानंतर पोट फुगलं की, नाहीतर शवविच्छेदनात.

दिसायला लागली म्हणून समजली असं मात्र झालं नाही. १९७१ साली डेनर आणि इशाक यांनी यकृतातल्या अशा गाठींना ‘हेमँजिओएंडोथेलिओमा’ म्हणून दोन प्रकारांत बसवलं. १९८२ साली मलिकेन आणि ग्लोवाकी यांनी वाढणारी गाठ आणि रक्तवाहिन्यांची जन्मजात चुकीची घडण वेगळी केली. २००० साली ग्लट-१ या प्रथिनाची खूण सापडली. जन्मानंतर वाढणाऱ्या हेमँजिओमात ते असतं. पोटातच पूर्ण वाढून येणाऱ्या प्रकारात नसतं. हा दुसरा प्रकार बहुधा एकच मोठी गाठ असतो आणि जन्मानंतर वर्षभरात बराचसा आपोआप आकसतो. २००८ साली बोर्डोच्या डॉक्टरांनी दाखवलेलं प्रोप्रॅनोलॉल हे औषध पहिल्या प्रकारावर छान चालतं, दुसऱ्यावर त्याची फारशी मदत होत नाही.

म्हणून जुना निबंध वाचताना नावावर विश्वास ठेवू नका. १९८५च्या केसचं ‘हेमँजिओएंडोथेलिओमा’ आजच्या भाषेत नेमकं काय, हे प्रत्येक वेळी वर्णनावरून ठरवावं लागतं. माझ्या मते साहित्य-आढाव्यातलं खरं कष्टाचं काम हेच.

उपचार बहुतेक वेळा लक्ष ठेवण्याचेच. गाठ किती वाढली, हृदय मोठं झालं का, पाणी साठलं का, डॉपलरवर रक्तक्षयाची चिन्हं आहेत का, हे पुन्हा पुन्हा बघायचं आणि बाळंतपण नवजात शिशूंचे सर्जन असतील तिथे करायचं. मेसेंकायमल हॅमर्टोमा असेल, तर जन्मानंतर सहसा शस्त्रक्रिया लागते.

आता आकड्यांकडे. २००७ साली आयझॅक्स यांनी गर्भ आणि नवजात मिळून १९४ छापील केसेस गोळा केल्या. त्यात सुमारे ६० टक्के हेमँजिओमा, २३ टक्के हॅमर्टोमा आणि उरलेल्या हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे कर्करोगाच्या. पण ही टक्केवारी छापल्या गेलेल्या बाळांची आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावकडचे नर्मदाकाठचे काही पाडे असे आहेत की दवाखानासुद्धा बोटीने येतो. त्यात ही गाठ बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत दिसते. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी अगदी स्वच्छ असू शकते. एकदाच तपासणी झालेल्या बाईच्या बाळाची गाठ कुठल्याच कागदावर येणार नाही.

मग मशीनच पाड्यावर का नेत नाही? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, १९९४ साली केंद्राचा आला आणि २०१२च्या नियमांनी हातातून नेता येणाऱ्या मशीनवर कडक बंधनं घातली. नोंदणीकृत फिरत्या दवाखान्याची वाट उघडी ठेवली आहे, पण अरुंद. मुलींचा जीव वाचवण्यासाठी हे लागलं, यात मला शंका नाही. दुर्गम भागातल्या तपासणीवर त्याचा भार पडतो, हेही खरंच.

या कायद्यामुळे संशोधकाला एक गोष्ट मात्र मिळाली. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो आणि त्यात काही विकृती आढळली का, याचा रकाना असतो. रीतसर परवानगी काढून या भागातल्या नोंदी कुणाला बघायच्या असतील तर वेळ दवडू नका. नियमाने हे कागद दोनच वर्षं जपून ठेवायचे असतात.